गणवेश दोन वर्षं पुरला तर

जून जवळ आला की घरोघरी शाळेच्या कपड्यांची जुळवाजुळव सुरू होते. गेल्या वर्षीचा फ्रॉक मुलीच्या अंगाला लावून पाहायचा, तो लांबीला तसाच बसला की हुश्श म्हणायचं, यंदाचा खर्च वाचला. बुटांचंही तेच. दहा-अकरा वर्षांचं लेकरू घरात असेल, तर या बचतीचा आनंद मानण्याआधी जरा थांबा, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे. या वयात वर्षभरात कपडे तोकडे झाले नाहीत, बूट चावले नाहीत, तर त्याचं कारण शोधायला हवं. मुलांमधल्या थायरॉइडच्या आजाराची पहिली खूण पुष्कळदा कपाटातच सापडते, रक्ताचा अहवाल नंतर येतो.

पालकसभांत या विषयावर बोलायला गेले की पहिला प्रश्न हमखास वजनाचा असतो. “आमचा फार जाड झालाय, थायरॉइड असेल का?” मागच्या रांगेत एखादी आई बसलेली असते, तिची मुलगी वर्गात सगळ्यांत पुढे उभी राहते, शांत असते, अभ्यास करते, कुणाला त्रास देत नाही. ती आई काहीच विचारत नाही. थायरॉइड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मावशी किंवा शेजारच्या काकू येतात आणि त्यांचं वाढलेलं वजन येतं. पण काकूंची वाढ केव्हाच पूर्ण झालेली असते. मुलांचं शरीर अजून घडत असतं, त्यामुळे थायरॉइड मंदावली की पहिला फटका उंचीला बसतो आणि त्यामागोमाग वयात येण्याला. वजनाचा नंबर बराच नंतर लागतो. हे उलटं समजल्यामुळे ज्याला तपासणीची फारशी गरज नसते त्याचं रक्त काढलं जातं, आणि जिला गरज असते ती दोन-तीन वर्षं तशीच राहते. वाढीच्या वयात दोन-तीन वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी बसलेली असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. थायरॉइडचं काम कमी पडू लागलं की पिट्युटरी टीएसएच नावाचा निरोप जास्त जास्त पाठवत राहते. म्हणून टीएसएच वाढलेला आला तर थायरॉइड मंदावली, आणि तो अगदी खाली गेला तर बहुधा ती बेफाम चालली, असं हे उलटं गणित आहे. मुलांच्या बाबतीत थायरॉइडच्या संप्रेरकाला तीन जास्तीची कामं असतात. हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा वाढवणं, वाढीच्या संप्रेरकाला नीट काम करू देणं, आणि अंडाशय किंवा वृषणांकडे जाणारे वयात येण्याचे निरोप वेळेवर पोचू देणं. संप्रेरक कमी पडलं तर या तिन्ही ठिकाणी ढिलाई येते.

बिघाड ओळखायचा तर आधी घड्याळ कसं चालतं ते माहीत हवं. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात छातीच्या वाढीने होते, आठ ते तेरा या वयात केव्हाही. पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. मुलग्यांमध्ये पहिला बदल वृषणांच्या आकारात होतो, नऊ ते चौदा या वयात. मिसरूड आणि आवाज नंतर. तेराव्या वर्षापर्यंत मुलीच्या छातीची वाढ सुरूच झाली नाही, पंधरा होऊनही पाळी आली नाही, किंवा चौदाव्या वर्षापर्यंत मुलाच्या शरीरात काहीच बदल दिसला नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. आणखी एक गोष्ट आयांना ठाऊक नसते. मुलीची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळी सुरू झाल्यावर सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच वाढ उरते. “पाळी आली की वाढेल उंची” अशी समजूत घालून वाट पाहण्यात नेमका वाढीचा काळ निघून जातो.

म्हणून उंची मोजा आणि लिहून ठेवा. माझा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे. वजनाचा काटा घरोघरी आला, पण उंचीची नोंद दाराच्या चौकटीवर पेन्सिलने काढलेल्या रेघांपुरतीच उरली आणि घराला रंग दिला की तीही पुसली गेली. मोजायची रीत सोपी आहे. चप्पल-बूट काढायचे, मुलीचा अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडायची. टाचा, ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला हवा, नजर सरळ समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात ठेवून खूण करायची आणि टेपने मोजायची. दिवसभराच्या धावपळीने संध्याकाळी उंची थोडी कमी भरते, तेव्हा दरवेळी साधारण एकाच वेळेला मोजा. दर महिन्याला मोजू नका. महिन्याभराची वाढ इतकी थोडी असते की मोजण्यातली चूकच तिच्याहून मोठी ठरते आणि उगाच जीव टांगणीला लागतो. सहा महिन्यांतून एकदा पुरे. वाढदिवशी एकदा आणि त्यानंतर सहा महिन्यांनी एकदा, असं ठरवलं की विसरत नाही. आकड्यासोबत तारीख लिहायची. तारखेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. वयात येण्याच्या काळात हा वेग वाढतो, मुलींमध्ये वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास, मुलग्यांमध्ये नऊ-दहापर्यंत. वर्षभरात चार सेंटिमीटरच्या आत वाढ झाली तर ती नोंद घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. एकदा मोजलेल्या उंचीवरून मूल बुटकं आहे एवढंच कळतं, आणि बुटकेपणा घराण्यातलाही असू शकतो. वर्षावर्षाच्या नोंदीतून दिसतो तो वेग. बुटक्या आईवडिलांचं निरोगी मूलही आपल्या रेषेवर दरवर्षी चढत राहतं. थायरॉइडच्या आजारात मूल आपलीच रेषा सोडून खाली घसरतं. भारतीय मुलांच्या उंची-वजनाचे पाच ते अठरा वर्षांसाठीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारून प्रसिद्ध केले. त्यामागच्या कामात पुण्याच्या खाडिलकर डॉक्टर दांपत्याचा मोठा वाटा आहे. असा तक्ता तुमच्या मुलाच्या फाइलीत लावायला सांगा आणि प्रत्येक भेटीत त्यावर ठिपका मारून घ्या. सर्दी-खोकल्यासाठी गेलात तरी ठिपका मारायचा.

आता थायरॉइड मंदावली की मूल कसं दिसतं ते पाहू. उंची थबकते, वजन थोडं वाढतं, चेहरा किंचित सुजल्यासारखा भरलेला वाटतो, म्हणून आजी म्हणते “बाळसं धरलंय.” कातडी कोरडी, केस राठ. बाकीची मुलं पंख्याखाली झोपतात तेव्हा हिला चादर लागते. शौचाला साफ होत नाही. खेळून आल्यावर दमते, मग हळूहळू खेळायलाच जात नाही. दुधाचे दात पडून पक्के यायला उशीर होतो. यातलं प्रत्येक लक्षण सुटं पाहिलं तर किरकोळ वाटतं आणि प्रत्येकावर घरगुती उपाय होत राहतो. या मुलांचे अभ्यासातले गुण मात्र सहसा घसरत नाहीत. ती एका जागी बसतात, सांगितलेलं करतात, दंगा करत नाहीत. शिक्षक त्यांचं कौतुक करतात. या कौतुकाआड आजार लपतो, म्हणून पूर्वी चपळ असलेलं मूल वर्ष-दीड वर्षात “किती शांत झालं” असं चारचौघांत ऐकू आलं, तर त्या वाक्याकडे लक्ष द्या.

कमी थायरॉइडमुळे वयात येणं बहुधा लांबतं. छातीची वाढ सुरू होऊन मध्येच रेंगाळते, पाळी उशिरा येते. पाळी आलेली असेल तर ती अनियमित होते, आणि पुष्कळदा अंगावरून खूप जातं, आठ-आठ दिवस. सुरुवातीच्या दोन वर्षांत पाळी मागेपुढे होणं नेहमीचंच आहे, त्याने घाबरू नये. पण पॅड दर तासा-दोन तासाला बदलावं लागतंय, गाठी पडताहेत, मुलगी पांढरीफटक पडली आहे, तर हिमोग्लोबिनसोबत टीएसएच तपासून घ्या. काही मुलींमध्ये टीएसएचसोबत प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरकही वाढतं आणि छातीतून दुधासारखा स्राव येतो. मुलगी हे लाजेने कुणालाच सांगत नाही. आईने एकदा सहज, कपडे वाळत घालता घालता विचारलं तर सांगेल. आणखी एक दुर्मीळ पण महत्त्वाची गोष्ट. थायरॉइड मंद असलेलं मूल लंगडू लागलं, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणू लागलं, तर मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसू नका. मांडीच्या हाडाचं डोकं जागेवरून घसरण्याचा धोका या मुलांना असतो. त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढावा लागतो.

नियमाला अपवाद असतो तसा इथेही आहे, आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यात पोरींची नाहक शस्त्रक्रिया होऊ शकते. १९६० मध्ये व्हॅन विक आणि ग्रुमबाख या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अशा मुलींचं वर्णन केलं ज्यांची थायरॉइड अतिशय मंद होती, आणि तरीही त्या वेळेआधी वयात आल्या होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलीची छाती वाढते, पाळीसारखा रक्तस्राव होतो. दीर्घकाळ उपचार न झाल्याने टीएसएच शेकड्यांत जातो, आणि इतका चढलेला टीएसएच अंडाशयालाही चुकून जागं करतो. सोनोग्राफी केली तर अंडाशयात मोठमोठ्या गाठी दिसतात. मेंदूचा एमआरआय केला तर पिट्युटरी सुजून ट्यूमरसारखी दिसू शकते. घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. अशा मुलींच्या गाठी कापून काढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पण थायरॉक्सिनची साधी गोळी सुरू केली की काही महिन्यांत अंडाशयातल्या गाठी विरतात, पिट्युटरी पूर्ववत होते, रक्तस्रावही थांबतो. ओळखायची खूण पुन्हा उंचीच. लवकर वयात येणारी इतर मुलं झपाट्याने उंच होतात, त्यांची हाडं वयापेक्षा पुढे गेलेली असतात. या मुलींची उंची मात्र थांबलेली असते आणि हाडांचं वय मागे पडलेलं असतं. मुलग्यांमध्ये याच आजारात वृषणं मोठी होतात, पण दाढी-मिशी, आवाज यांचा पत्ता नसतो. तेव्हा लहान मुलीच्या अंडाशयात गाठ आहे आणि ऑपरेशन करू या असं कुणी म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा, टीएसएच पाहिला का? पोट पिळवटून दुखत असेल, अंडाशयाला पीळ पडला असेल, तर ती तातडीची बाब असते, तिथे थांबू नये. बाकी वेळी एका रक्ततपासणीपुरतं थांबायला हरकत नाही.

थायरॉइड बेफाम चालते तेव्हाचं चित्र अगदी वेगळं. मूल भरपूर खातं आणि वाळत जातं. हात थरथरतात, म्हणून अक्षर बिघडतं. वर्गात जागेवर बसत नाही, चिडतं, रडतं, रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, घाम येतो. पाळी अगदी थोडी जाते किंवा काही महिने येतच नाही. डोळे मोठे, पुढे आल्यासारखे दिसतात. शाळेतून तक्रारी येतात आणि घरी ओरडा बसतो. कुणी म्हणतं वयच तसं आहे, कुणी म्हणतं मोबाइलमुळे. या आजारात उंची उलट वेगाने वाढते, म्हणून आजार असल्याचं वाटत नाही. पण हाडांचं वयही पुढे पळत असतं. मुलग्यांच्या छातीला क्वचित फुगवटा येतो. तो निरोगी मुलग्यांनाही वयात येताना येतो, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. थायरॉइड बेफाम चालण्याचं नेहमीचं कारण ग्रेव्ह्ज नावाचा आजार, ज्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती थायरॉइडला सतत चिथावत राहते. उपचार कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोलच्या गोळ्यांनी सुरू होतो आणि सहसा दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालतो. या गोळ्यांबाबत एक सूचना फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखी आहे. गोळी चालू असताना ताप आणि घसा दुखणं सुरू झालं, तर गोळी थांबवा, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. क्वचित या औषधाने त्या पेशी धोकादायक पातळीवर उतरतात. प्रोपिलथायोयुरासिल हे दुसरं औषध यकृताला इजा करू शकतं, म्हणून मुलांना देणं टाळलं जातं. ठोके ताब्यात येईपर्यंत धावण्याच्या शर्यती आणि कबड्डीचे सामने बंद ठेवा, शाळेला तसं पत्र द्या.

आता जाड मुलाकडे येऊ, कारण त्याची आई अजून उत्तराची वाट पाहत आहे. मूल जाड आहे आणि वयाच्या मानाने उंचही आहे, तर त्याचं कारण थायरॉइड असण्याची शक्यता फार कमी. लठ्ठ मुलं वयात येण्याआधी बहुधा बरोबरीच्या मुलांपेक्षा उंचच असतात. अशा मुलांचा टीएसएच काही वेळा पाच ते दहाच्या दरम्यान थोडा वाढलेला येतो आणि घरात “थायरॉइड निघाला” असा बोभाटा होतो. टी-४ व्यवस्थित असेल, गळ्याला सूज नसेल आणि थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी नसतील, तर हा वाढलेला आकडा बहुतेक वेळा वजनाचा परिणाम असतो. वजन उतरलं की आकडाही उतरतो. वजन कमी करण्यासाठी थायरॉक्सिनची गोळी देणं चूक आहे. ती त्या कामाचं औषध नाही आणि निरोगी मुलाला दिली तर हृदयाची धडधड वाढवेल. मूल जाड आहे आणि उंची मात्र थांबली आहे, तेव्हा मात्र तपासणी करायलाच हवी.

शाळकरी वयात थायरॉइड मंदावण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे हाशिमोटो थायरॉइडायटिस. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यातही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, फक्त इथे ती ग्रंथी हळूहळू निकामी करते. मुलींमध्ये तो मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि अनेकदा आई, आजी, मावशी यांच्यापैकी कुणाला तरी असतो. टाइप १ मधुमेह, डाउन सिंड्रोम, टर्नर सिंड्रोम किंवा सीलिअॅक आजार असलेल्या मुलांना धोका अधिक, त्यांची थायरॉइड लक्षणं नसतानाही ठरावीक काळाने तपासायची असते.

दुसरं कारण आयोडीनची कमतरता, आणि इथे आपल्या देशाने मोठं काम केलं आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि त्याने गलगंडाचं प्रमाण घटतं हे दाखवून दिलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकायला देशभर बंदी आहे. बारा वर्षांपुढच्या मुलाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि ते नेहमीच्या मिठातून सहज मिळतं. अलीकडे मात्र काही घरांत उपवासाचं सैंधव रोजच्या भाजी-आमटीत आलं आहे, “नैसर्गिक” म्हणून. सैंधवात, म्हणजे शेंदेलोणात, आयोडीन सहसा घातलेलं नसतं. वाढत्या मुलांच्या घरात रोजचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा. बरणी झाकून, शेगडीच्या धगीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. उलट, हाशिमोटो असलेल्या मुलीला जास्तीचं आयोडीन किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या देऊ नका, त्याने बिघडण्याचीच शक्यता असते. कोबी, फ्लॉवर शिजवून बेताने खायला काहीच हरकत नाही. कोबी-फ्लॉवर टाळण्याच्या पथ्याने मुलींच्या ताटातल्या भाज्या गेल्या, आजार कुणाचाच गेला नाही.

घरी गळा पाहायचा असेल तर मुलीला उजेडात बसवा, मान किंचित मागे करायला सांगा आणि पाण्याचा घोट गिळताना समोरून पाहा. गिळताना वर-खाली सरकणारा फुगवटा दिसला तर दाखवून घ्या. एका बाजूलाच टणक गाठ लागली तर उशीर करू नका. मुलांमधल्या थायरॉइडच्या गाठीकडे मोठ्यांच्या गाठीपेक्षा जास्त गांभीर्याने पाहावं लागतं, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईने तपासणी करावी लागते.

रक्ततपासणीत टीएसएच आणि फ्री टी-४ एवढंच पुरेसं असतं. टीएसएच वाढलेला आला तर टीपीओ अँटीबॉडी. या तपासण्यांसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. केसांसाठी म्हणून मुली हल्ली बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज खातात. बायोटिनमुळे या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून ते निदान दोन दिवस आधी बंद करा आणि प्रयोगशाळेत सांगा. टीएसएच किंचित वाढलेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. साध्या तापानंतरही तो तात्पुरता हलतो. डाव्या हाताचा मनगटासह एक एक्स-रे काढतात, त्यातून हाडांचं वय कळतं आणि वाढायला अजून किती वाव आहे याचा अंदाज येतो.

सगळ्या तपासण्या नीट आल्या तर? तसं घडणंच जास्त शक्य आहे. उशिरा वयात येणाऱ्या बहुतेक मुलग्यांना कोणताही आजार नसतो, बाबांनाही दाढी कॉलेजात गेल्यावरच आली होती एवढंच कारण असतं. कुपोषण, रक्तक्षय, जुनाट आजार, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम, अशीही कारणं असतात आणि ती शोधावी लागतात. थायरॉइड त्या यादीत वर ठेवतात ती तपासणी स्वस्त आहे आणि उपचार सोपा आहे म्हणून.

उपचार म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची गोळी. शरीर जे संप्रेरक तयार करतं तेच त्यात असतं. डोस वजनावर ठरतो, आणि किलोमागे मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त लागतो, म्हणून आईच्या बाटलीतली गोळी मुलीला देऊ नका. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहा-दूधही नाही. सातची शाळा असलेल्या घरात हे जमवणं अवघड असतं, मला कल्पना आहे. मुलाला उठवायला जाताना हातात गोळी आणि पाणी घेऊन जा. दात घासणं, आंघोळ, दप्तर यात अर्धा तास निघतो. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी द्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यापासून चार तास लांब ठेवा. शाळेत मिळणारी लोहाची गोळी दुपारी घेतली की प्रश्न उरत नाही. सकाळी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. या औषधाचा अंश शरीरात बरेच दिवस टिकतो, एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. पावसाळ्यात बाटलीचं झाकण घट्ट लावा, स्वयंपाकघरातल्या ओलसर कप्प्यात ठेवू नका. औषधाची कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहा. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावरही तेवढ्याच दिवसांनी तपासायचं, मग वाढ पूर्ण होईपर्यंत साधारण दर चार ते सहा महिन्यांनी. वजन वाढतं तसा डोस बदलतो. “डोस वाढला म्हणजे आजार वाढला” असं नसतं, मूल वाढलं म्हणून डोस वाढला.

पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट घडते जिची कुणी आधी कल्पना देत नाही. शांत, गुणी मूल अचानक चुळबुळ करू लागतं, भांडतं, झोप कमी होते, एखाद्या चाचणीत गुणही घसरतात. आई घाबरून गोळी बंद करते. नका करू. कित्येक महिने मंदावलेलं शरीर आणि मन जागं होत असतं. आजार फार जुना असेल तर डॉक्टर कमी मात्रेने सुरुवात करतात. सतत डोकं दुखत असेल, दिसायला धूसर होत असेल तर मात्र लगेच कळवा, क्वचित कवटीतला दाब वाढतो.

उंची भरून निघते का, हा प्रश्न मन घट्ट करूनच विचारला जातो. आजार लवकर सापडला तर वाढ झपाट्याने होते, पहिल्याच वर्षी मूल मागचं बरंचसं भरून काढतं. पण आजार वर्षानुवर्षं राहिला असेल आणि नेमकं वयात येण्याच्या तोंडावर उपचार सुरू झाले, तर हाडांचं वयही तितक्याच वेगाने पुढे जातं, हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या फटी बंद होतात आणि काही सेंटिमीटर कायमचे हरवतात. हे नुकसान कोणत्याही टॉनिकने भरत नाही. उंची वाढवणाऱ्या भुकट्यांच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका.

दाखवायचं कुठे, हे अवघड नाही. सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. वाढीचा किंवा वयात येण्याचा घोळ असेल तर ते बाल-संप्रेरकतज्ज्ञांकडे पाठवतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं, तेव्हा मुलाच्या उंचीची जुनी नोंद त्यांना दाखवा आणि शंका स्पष्ट बोला. सरकारी रुग्णालयांतल्या मैत्री क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलं-मुली स्वतःहूनही जाऊ शकतात. लेव्होथायरॉक्सिन हे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महागही नाही.

शेवटची गोष्ट मुलींच्या आयांशी बोलायची आहे. निदान झालं की बऱ्याच घरांत पहिलं वाक्य असतं, “कुणाला सांगू नकोस.” लग्नाची धास्ती असते त्यामागे. त्यातून गोळ्यांची बाटली कपाटात कपड्यांखाली जाते, सहलीला आणि मामाकडे नेली जात नाही, आणि मुलीला वाटू लागतं की आपल्यात काहीतरी लाजिरवाणं आहे. नीट उपचार घेणाऱ्या मुलीची पाळी, तिचं शिक्षण, तिचं लग्न, तिचं बाळंतपण या कशालाही थायरॉइड आडवी येत नाही. आडवा येतो तो मध्येच सोडलेला उपचार. म्हणून तिला तिच्या आजाराचं नाव सांगा, गोळी किती मायक्रोग्रॅमची आहे ते तिला तोंडपाठ असू द्या, डॉक्टरांना प्रश्न तुम्हाला नव्हे तर तिला विचारायला सांगा. अठरा वर्षांची झाली की पहिल्या अहवालापासूनची फाइल तिच्या हातात द्या. पुढे कधी तिला दिवस गेले तर कळल्याबरोबर टीएसएच तपासावा लागतो आणि बहुधा डोस वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळाच्या मेंदूची घडण आईच्या संप्रेरकावर चालते. ही माहिती त्या फाइलीच्या पहिल्या पानावर तुमच्या हाताने लिहून ठेवा.